स्ट्रायकरला आधी थांबायला शिकवा

पावसाळा लागला की शाळाशाळांच्या फुटबॉल स्पर्धांचे वेध लागतात. सुब्रतो मुखर्जी चषकाच्या फेऱ्या असोत की आंतरशालेय सामने, प्रत्येक शाळेत एकच शोध सुरू होतो : सगळ्यात जोरात पळणारा पोरगा कोण? तो सापडला की त्याला पुढे उभे करायचे, मागच्यांनी लांब चेंडू मारायचा आणि याने पळत जाऊन गोल करायचा. हा आपला स्ट्रायकर.

स्ट्रायकर हा शब्द आपल्या घरांत पोहोचला तो कॅरममुळे. कॅरमच्या स्ट्रायकरचा टवका उडाला तर दुकानातून दुसरा आणता येतो. मैदानावरच्या स्ट्रायकरचा गुडघा असा बदलून मिळत नाही, ही साधी गोष्ट मात्र आपण विसरतो. आमचे स्पष्ट मत असे, की आपण या मुलाला पळायला आणि मारायला शिकवतो. पण थांबायला, वळायला आणि उडी मारून नीट उतरायला शिकवत नाही. आणि त्याची इजा बहुतेक वेळा नेमकी याच क्षणांत दडलेली असते.

धावण्याधावण्यात फरक

नाशिककरांना धावणे नवे नाही. आपल्या जिल्ह्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. ट्रॅकच्या २५ फेऱ्या, एका लयीत, एका दिशेने. त्या धावण्याला लागतो तो दम. स्ट्रायकरचे धावणे अगदी वेगळे. तो बराच वेळ चालतो, रेंगाळतो, बचावपटूच्या मागे दबा धरतो, आणि अचानक दहा-वीस मीटर जीव खाऊन सुटतो. मग तितक्याच अचानक थांबतो, वळतो, उडी मारतो, कुणावर तरी आदळतो. मोटारीचे उदाहरण द्यायचे तर पहिली मुंबई-आग्रा रस्त्यावर एका वेगाने जाणारी गाडी. दुसरी मेन रोडच्या गर्दीत क्षणोक्षणी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दाबणारी. कोणत्या गाडीचे ब्रेक आधी झिजतील हे सांगायला मेकॅनिक लागत नाही.

शरीराचे ब्रेक म्हणजे मांडीचे स्नायू, आणि त्यांना साथ देणारे गुडघ्याचे बंध.

मांडीचा मागचा स्नायू

जोरात धावताना पाय पुढे फेकला जातो आणि टाच जमिनीला टेकण्याच्या आत मांडीचा मागचा स्नायू त्याला आवरतो. म्हणजे एकाच वेळी तो ताणलाही जातो आणि खेचतही असतो. कमकुवत किंवा थकलेला स्नायू इथेच फाटतो. पोरगा पळता पळता मांडी धरून उभा राहतो, ती ही इजा. फुटबॉलमधल्या स्नायूंच्या दुखापतींत हीच सर्वात जास्त आढळते.

भल्याभल्यांना ती चुकलेली नाही. इंग्लंडच्या मायकल ओवेनने १९९८ च्या विश्वचषकात अठराव्या वर्षी अर्जेंटिनाविरुद्ध गोल करून जगाला थक्क केले. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९९९ मध्ये, लीड्सविरुद्धच्या सामन्यात हाच स्नायू फाटला. २००१ साली तो युरोपचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, तरी आपला पूर्वीचा वेग पुन्हा कधी आला नाही असे त्यानेच नंतर सांगितले. एकोणिसाव्या वर्षीची एक इजा जन्मभर पुरली.

यावर एक बिनखर्चाचा व्यायाम आहे. गुडघे टेकून ताठ बसावे, जोडीदाराने मागून दोन्ही घोटे धरावेत आणि कंबरेत न वाकता सावकाश पुढे झुकत जावे. तोल जाईल तिथे हात टेकावेत. सुरुवातीला आठवड्यातून एकदा पाच वेळा, मग हळूहळू वाढवावे. युरोपातल्या संघांवर झालेल्या अभ्यासांत या व्यायामाने ही दुखापत निम्म्याच्या आसपास कमी झाली. साहित्य काय, तर एक सतरंजी आणि एक मित्र.

गुडघा आणि काळी माती

गुडघ्याच्या आत दोन बंध फुलीसारखे असतात. त्यातला पुढचा बंध तुटणे ही खेळाडूची सर्वात महागडी इजा. ती कुणी लाथ मारल्यानेच होते असा समज आहे, तो चूक आहे. बहुतेक वेळा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. पाय जमिनीत रोवलेला, अंग वळलेले आणि गुडघा आत झुकलेला, एवढे पुरते. आपल्या काळ्या मातीच्या मैदानावर तर पावसाळ्यात स्टड चिखलात अडकून बसतो आणि दिवाळीनंतर तीच माती वाळून ढेकळांची होते. मुलींमध्ये ही इजा मुलांच्या दोन-तीन पट आढळते. म्हणून मुलींचे संघ उभे राहत असताना ही काळजी दुप्पट घ्यायला हवी.

गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज आला आणि दोन-तीन तासांत सूज चढली तर ती साधी मुरगळ समजू नये. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. पहिले दोन दिवस मालिश, शेक आणि झटका देऊन ‘बसवणे’ पूर्ण बंद. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा, हाच उपचार. शस्त्रक्रिया झाली तर किमान नऊ महिने सामना नाही.

घाई काय करते हे ब्राझीलच्या रोनाल्डोने भोगले. नोव्हेंबर १९९९ मध्ये त्याच्या गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा दुखावला. शस्त्रक्रिया झाली, पाचेक महिन्यांत, एप्रिल २००० मध्ये, तो परतला आणि काही मिनिटांतच, कुणाचा धक्का न लागता, तोच कंडरा पार तुटला. त्यानंतर तो जवळजवळ दीड वर्ष थांबला. २००२ च्या विश्वचषकात त्याने आठ गोल केले, त्यातले दोन अंतिम सामन्यात. थांबणे म्हणजे संपणे नव्हे, हे आपल्या पालकांना याहून चांगले कोण सांगणार?

वाढत्या वयाची हाडे

दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांत वाटीखालचे हाड सुजते, दाबले की दुखते. उंची झपाट्याने वाढत असताना अतिखेळाने हे होते. विश्रांतीने ते बरे होते. वेदनाशामक गोळी घेऊन मैदानावर उतरवल्याने चिघळते. जिल्हा पातळीवरचा चांगला स्ट्रायकर शाळेकडून खेळतो, क्लबकडून खेळतो आणि रविवारी गल्लीच्या स्पर्धेतही खेळतो. सगळ्यांना तो हवा असतो, त्याची मोजदाद मात्र कुणीच ठेवत नाही. एक सोपा हिशेब लक्षात ठेवावा : मुलाचे वय जितके वर्षे, आठवड्याला त्याहून जास्त तास सराव-सामने नकोत, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी.

बंगळूरचा धडा

हातपाय दुखावले तर माणूस उरतो. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरला फेडरेशन कपचा अंतिम सामना होता. गोव्याच्या डेम्पो संघाचा ब्राझिली स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर याने मोहन बागानविरुद्ध दोन्ही गोल केले. दुसरा गोल करताना तो गोलरक्षकावर आदळला, कोसळला आणि पुन्हा उठला नाही. पंचविशीतला धडधाकट खेळाडू हृदय बंद पडून गेला. मैदानावर तत्काळ मिळायला हवे ते उपचार मिळाले नाहीत, अशी टीका तेव्हा देशभर झाली. याउलट १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनला डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन सामना चालू असताना कोसळला. जागेवरच छाती दाबणे सुरू झाले, विजेचा झटका देणारे यंत्र आले, आणि पुढच्याच वर्षी तो पुन्हा खेळू लागला.

कुणी न धडकताही मुलगा कोसळला किंवा छातीवर मार बसून पडला, हाक मारून प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके आहेत, तर क्षण दवडू नये. कांदा-चप्पल हुंगवू नये, पाणी पाजू नये. एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटीमीटर खोल दाबत राहावे, मदत येईपर्यंत. हे शिकायला एक दुपार पुरते. पळताना चक्कर येणाऱ्या, छातीत दुखणाऱ्या किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेल्या मुलाला सामन्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. डोक्याला मार लागून गोंधळलेला मुलगा त्या दिवशी पुन्हा खेळता कामा नये, मग सामना कोणताही असो.

तालमीचा नियम

महाराष्ट्रात फुटबॉलचे खरे वेड कोल्हापूरला. तिथल्या संघांची नावेच पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम अशी. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाच्या आघाडीच्या फळीत खेळला. तालीम हा शब्द मला इथे मोलाचा वाटतो. कुस्तीच्या तालमीत वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी आखाड्यात झोंबू देत नाही. आधी जोर, बैठका, आधी पडायचे कसे ते. फुटबॉलमध्ये मात्र आपण पहिल्याच संध्याकाळी ‘मार गोल’ म्हणतो.

म्हणून शाळांकडे मागणे मोठे नाही. प्रत्येक सरावाआधी वीस मिनिटे : हळू धावणे, दिशा बदलत धावणे, एका पायावर तोल, बैठका, उडी मारून गुडघे वाकवून आवाज न करता उतरणे. ‘फिफा’ने आखलेला असाच कार्यक्रम आठवड्यातून दोनदा केला तर इजा साधारण एक तृतीयांशाने कमी होतात असे दिसून आले आहे. सामन्याच्या ठिकाणी बर्फ, स्ट्रेचर, एक गाडी आणि छाती दाबता येणारा एक माणूस. सामन्याआधी मिसळ-वडा नको. दोन-तीन तास आधी पोळी-भाजी किंवा भाकरी, तासभर आधी केळे, आणि पाणी तहान लागायच्या आधी.

चषक शाळेच्या कपाटात जातो, गुडघा मुलाजवळ राहतो. त्या गुडघ्यावर त्याला पुढे पन्नास वर्षे जिने चढायचे आहेत, बस पकडायची आहे, द्राक्षबागेत उभे राहायचे आहे. येत्या मोसमात पालकांनी क्रीडाशिक्षकांना ‘आमच्या पोराने किती गोल केले?’ एवढेच विचारू नये. ‘सरावाआधी वीस मिनिटे काय करून घेता, आणि मैदानावर गाडी उभी असते का?’ हेही विचारावे. तो पालकांचा हक्क आहे.