बत्तीस बाइट आणि शाळेतला मसावि

काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची: टीपीएम-टू-गेटरँडम, पुढे हेक्स हा पर्याय, त्यापुढे ३२ हा आकडा. एन्टर दाबलं की आकडे आणि ए ते एफ यांची चौसष्ट चिन्हांची एक सलग रांग समोर येते. मदरबोर्डवरच्या टीपीएम या सुरक्षा चिपने आत्ताच्या आत्ता काढून दिलेले हे ३२ बाइट. पासवर्ड, डिस्कच्या कुलपाची किल्ली, सर्व्हरची ओळख, सगळ्याचा पाया असे बाइट असतात. मायक्रोसॉफ्टने २०२१मध्ये विंडोज ११साठी टीपीएम २.०ची अट घातली, तेव्हापासून ही चिप नव्या लॅपटॉपात गृहीतच धरली जाते. कधी ती सुटी असते, कधी प्रोसेसरच्या पोटात फर्मवेअर म्हणून राहते. लिनक्सवर टीपीएम-टू-टूल्स नावाचं पॅकेज टाकलं की तिच्याशी बोलता येतं. यूबिकी हे यूएसबी सुरक्षा-यंत्र किंवा ओपनपीजीपी कार्ड वापरणारे जीपीजी-कनेक्ट-एजंटकडून हेच काम करून घेतात, आणि सीएंच्या ड्रॉवरमधले डिजिटल सहीचे डोंगल पीकेसीएस-इलेव्हन-टूलला उत्तर देऊ शकतात.

ही ओळ चालवून पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान दिसतं. सॉफ्टवेअर नाही, थेट हार्डवेअर! त्या समाधानाला जरा टाचणी लावावी असं बरेच दिवस मनात होतं. चिपकडून बाइट जरूर घ्यावेत, पण फक्त तिच्या भरवशावर किल्ली घडवू नये. आणि ज्यांच्या हातून लाखो किल्ल्या वाटल्या जातात, त्यांनी त्या एकमेकींशी ताडून पाहाव्यात. आजचं म्हणणं एवढंच आहे, पण त्यामागे बराच इतिहास आहे.

आधी चिपच्या आत काय चालतं ते बघू. सिलिकॉनमध्ये काही छोटी आंदोलक मंडलं असतात, त्यांची लय उष्णतेमुळे किंचित पुढेमागे होते. ते थरथरणं मोजायचं, त्यातून कच्चे बिट काढायचे. कच्चे बिट ओबडधोबड असतात. एखाद्या चिपवर शून्यं जास्त, दुसरीवर एक जास्त. म्हणून ते हॅशसारख्या प्रक्रियेतून गाळून घेतात, आणि त्या गाळलेल्या बीजावर एक गणिती यंत्र चालवतात. आपल्याला मिळतात ते या यंत्राच्या तोंडचे बाइट. कच्च्या थरथरीपर्यंत आपण पोचतच नाही. तो स्रोत मेला असेल, तरी गणिती यंत्र सुंदर, गुळगुळीत, नि:पक्षपाती दिसणारे आकडे देत राहील.

इथे कुणी म्हणेल, मग चाचणी घ्या. डायहार्डर, एन्ट अशी अवजारं आहेतच. पण १, २, ३, ४ असे क्रमाने आकडे घेऊन एका ठरलेल्या किल्लीने एईएसमधून काढले, तर जो प्रवाह मिळतो तो या सगळ्या परीक्षा पहिल्या श्रेणीत पास होतो. ती किल्ली ज्याच्या खिशात आहे त्याला मात्र पुढचा प्रत्येक बाइट आधीच ठाऊक असतो. हे कल्पनारंजन नाही. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २००६मध्ये मान्य केलेल्या ड्युअल-ईसी या पद्धतीत असा चोरदरवाजा असू शकतो, हे मायक्रोसॉफ्टच्या दोन संशोधकांनी २००७मध्येच दाखवलं होतं. २०१३मध्ये स्नोडेनने फोडलेली अमेरिकी हेरखात्याची कागदपत्रं बाहेर आली आणि त्यानंतर, २०१४मध्ये, निस्टने ही पद्धत मागे घेतली.

पण कटकारस्थानांच्या गोष्टींत लोक नको इतके रमतात. त्यापेक्षा साध्या बिघाडाची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि ती पुरेशी सांगितली जात नाही.

तैवानच्या सरकारने नागरिकांना डिजिटल प्रमाणपत्राची स्मार्टकार्डं दिली. ऑनलाइन कर भरण्यासारखी सरकारी कामं त्यावर होत. किल्ली कार्डातल्या चिपवरच तयार होई. चिपला कॉमन क्रायटेरियाची ईएएल-फोर-प्लस पातळी, कार्डाला एफआयपीएस १४०-२ची दुसरी पातळी; कागदावर सगळं चोख. किल्ल्या आरएसए पद्धतीच्या. म्हणजे चिपने दोन प्रचंड मूळ संख्या रँडम निवडायच्या, त्यांचा गुणाकार जगजाहीर करायचा आणि त्या दोन संख्या पोटात ठेवायच्या. १०२४ बिटांच्या गुणाकाराचे अवयव पाडणं महाकठीण, त्यावरच सगळी सुरक्षा.

मात्र दोन माणसांच्या कार्डांत चुकून एक मूळ संख्या सारखी निघाली, तर? तर अवयव पाडायची गरजच उरत नाही. शाळेत शिकलेला मसावि काढायचा. दोन गुणाकारांचा महत्तम सामाईक विभाजक म्हणजेच ती सारखी संख्या. युक्लिडची रीत ती क्षणात देते, मग एक भागाकार केला की दोन्ही किल्ल्या उघड्या. स्रोत खरोखर रँडम असेल, तर विश्वाच्या आयुष्यात असा योग यायला नको.

डॅनियल बर्नस्टीन, तान्या लांगे, नादिया हेनिंगर आणि त्यांच्या तैवानमधल्या सहकाऱ्यांनी सार्वजनिक सूचीतून अशा २० लाखांहून अधिक किल्ल्या घेतल्या आणि सगळ्यांचा एकमेकींशी मसावि काढला. १०३ किल्ल्या तिथेच फुटल्या. सगळ्यात जास्त वेळा आलेली मूळ संख्या ४६ किल्ल्यांत होती, आणि ती हेक्समध्ये लिहिली तर कशी दिसते? सुरुवातीला सी, मग शून्य, शून्य, शून्य, पानभर वाटावीत इतकी शून्यं, आणि अगदी शेवटी टू-एफ-नाइन. अर्थ लागतो तो असा: चिपने रँडम म्हणून नुसती शून्यं दिली, प्रोग्रॅमने नेहमीप्रमाणे वरचे दोन बिट चढवले आणि तिथून पुढे भेटलेली पहिली मूळ संख्या उचलली. इतर काही संख्यांत बिटांचे तेच ते तुकडे पुन:पुन्हा आलेले. त्या नमुन्यांचा माग काढत संशोधकांनी आणखी किल्ल्या फोडल्या, एकूण १८४. हा निबंध डिसेंबर २०१३मध्ये आपल्याच बंगळुरूला भरलेल्या एशियाक्रिप्ट परिषदेत मांडला गेला.

आता त्या ४६ जणांपैकी एकाने आपली सार्वजनिक किल्ली भिंगातून पाहिली असती, तर काय दिसलं असतं? काहीही नाही. शून्यांनी भरलेली संख्या दुसऱ्या बऱ्या संख्येशी गुणली गेली की गुणाकारावर नजर टाकून काही संशय येत नाही. बिघाड एकट्या कार्डात लपतो. लाखोंच्या गर्दीत दिसतो. टर्मिनलवरच्या त्या चौसष्ट चिन्हांकडे बघून मान डोलावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

चिपला मिळणाऱ्या अशा सुरक्षा-प्रमाणपत्रांबद्दल माझ्या मनात अढी आहे ती याच प्रकरणामुळे, आणि २०१९मध्ये यूबिको कंपनीने स्वत:हून जाहीर केलेल्या दोषाने ती घट्ट झाली. यूबिकीच्या एफआयपीएस मालिकेत, ४.४.२ आणि ४.४.४ या फर्मवेअरमध्ये, यंत्राला वीज मिळाल्यावर आधी स्वत:ची तपासणी होई, आणि त्या तपासणीतला ठरावीक मजकूर रँडम बाइटांच्या साठ्यात उरून राही. पहिल्या काही कामांना तेच बाइट मिळत. ईसीडीएसए सहीत दर वेळी २५६ बिटांचा नवा गुप्त आकडा लागतो; त्यातले ८० बिट स्थिर राहू शकत होते, आणि अशा काही सह्या गोळा झाल्या की खासगी किल्लीच काढता येते. सरकारी प्रमाणपत्र हवं म्हणून मुद्दाम घेतलेल्या मालिकेतच हा दोष होता! कंपनीने यंत्रं बदलून दिली, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवं.

एएमडीचा किस्सा त्याच वर्षीचा. रायझन ३००० प्रोसेसर बाजारात आले आणि त्यांची रँडम आकडा देणारी सूचना दर वेळी सगळे बिट एकच असलेला तोच आकडा देऊ लागली, वर ‘काम फत्ते’ अशी खूणही करू लागली. काही लिनक्स यंत्रणा सुरूच होईनात, म्हणून बोंब झाली. सुरू झाल्या असत्या तर किती दिवस कुणाच्या ध्यानात आलं नसतं, याचा विचार नको वाटतो.

मग करायचं काय? उत्तर जुनं आहे आणि पत्त्यांच्या डावात सगळ्यांना ठाऊक आहे. पत्ते तिघांनी पिसावेत. त्यातला एक जरी प्रामाणिक असेल, तरी बाकी दोघांची लबाडी वाया जाते. लिनक्सचं कर्नल हेच करतं: कीबोर्डच्या, डिस्कच्या, व्यत्ययांच्या वेळा, प्रोसेसरची सूचना, टीपीएम चिप, जे मिळेल ते एका साठ्यात कालवतं आणि मग डेव्ह-यूरँडममधून बाइट देतं. इंटेलच्या सूचनेवर विश्वास ठेवू नका, ती कर्नलमधून काढा, अशी मागणी २०१३मध्ये झाली तेव्हा लिनस टोरवाल्ड्सनी आपल्या नेहमीच्या गोड भाषेत ती झिडकारली. मुद्दा हाच होता की तो अनेकांतला एक स्रोत आहे. म्हणून टीपीएम-टू-गेटरँडमचं उत्तर थेट किल्ली म्हणून वापरण्यापेक्षा डेव्ह-यूरँडममध्ये लिहावं. कर्नल ते कालवून घेतं, पण त्या बाइटांच्या नावावर विश्वासाचे गुण जमा करत नाही. ही सावध सवय मला आवडते.

एक वांधा बर्नस्टीन यांनीच २०१४मध्ये दाखवला होता. पिसणाऱ्यांपैकी शेवटच्याला बाकीच्यांचे पत्ते दिसत असतील, तर तो आपली चाल त्यानुसार ठरवू शकतो. सुटी टीपीएम चिप मेमरीत डोकावू शकत नाही, त्यामुळे तिथे ही भीती कमी; प्रोसेसरच्या पोटातल्या फर्मवेअरबद्दल तसं छातीठोक सांगता येत नाही. सुट्या चिपचं दुखणं वेगळं: तिचे बाइट मदरबोर्डवरच्या तारांवरून उघडे धावतात. लिनक्सने २०२४मध्ये, ६.१० आवृत्तीत, त्या संवादाला कूटबद्ध करण्याची सोय आणली.

याचा अर्थ चिप निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. तिची खरी गरज नव्याने चालू झालेल्या यंत्राला असते, जिथे ना कीबोर्ड ना डिस्क, आणि पहिल्याच मिनिटात किल्ली घडवायची असते. २०१२मध्ये हेनिंगर यांच्या चमूने इंटरनेटवरच्या किल्ल्या गोळा केल्या, तेव्हा टीएलएस ही सुरक्षित जोडणी वापरणाऱ्या ०.५ टक्के यंत्रांच्या खासगी किल्ल्या मसाविने निघाल्या. त्यांत भरणा राउटर, फायरवॉल अशा डबड्यांचा होता. त्या डबड्यांत एक सुमार चिप असती, तरी बरंचसं वाचलं असतं.

आता आपल्याकडे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली प्रमाणन प्राधिकारी डिजिटल सहीची प्रमाणपत्रं देतात, एफआयपीएस मान्यता असलेल्या डोंगलवर. कंपनी नोंदणी, ई-निविदा, सगळी कामं त्यावर चालतात. गिऱ्हाइकाकडून ओळखीचे कागद, व्हिडिओ, ओटीपी घेताना काटेकोरपणाचा कळस असतो. तोच काटेकोरपणा किल्ल्यांकडेही वळवावा. प्रत्येक प्राधिकाऱ्याकडे त्याने दिलेल्या सार्वजनिक किल्ल्यांची पूर्ण यादी आहे. या प्राधिकाऱ्यांवर देखरेख करणाऱ्या नियंत्रकांनी त्या याद्या एकत्र करून सगळ्यांचा मसावि काढावा, दर तिमाहीला, आणि निकाल छापावा. सोबत इन्फिनिऑन कंपनीच्या चिपांवर घडलेल्या आरएसए किल्ल्यांत २०१७मध्ये उघड झालेल्या दोषाची तपासणीही करावी. त्या दोषापायी एस्टोनियाला साडेसात लाखांच्या आसपास ओळखपत्रांची प्रमाणपत्रं एका रात्रीत थांबवावी लागली होती, आणि तो नुसत्या सार्वजनिक किल्लीवरून ओळखता येतो. कुणाचं गुपित उघडं पडत नाही, डोंगल परत मागवावे लागत नाहीत. २०१२च्या त्या चमूला एक कोटीहून अधिक किल्ल्यांची आकडेमोड करायला काही तास लागले होते. त्यासाठी निविदा काढली, तर जाहिरात छापून येईपर्यंतच त्याहून जास्त वेळ जाईल.