विश्लेषण : नाव चारदा बदलले, तरी ‘एएस/४००’ का सुटत नाही?

सोलापुरात रिक्षावाल्याला ‘इंदिरा गांधी स्टेडियमला सोडा’ म्हटले, की तो बहुधा खात्री करून घेतो, ‘म्हणजे पार्कवरच ना?’ कागदोपत्री नाव काहीही असो, गावाच्या तोंडी ते ‘पार्क’च. व्यावसायिक संगणकांच्या जगातही असेच एक नाव आहे. आयबीएमच्या एका संगणकाचे नाव २००० सालापासून चार वेळा बदलले. वापरणारे मात्र अजून त्याला ‘एएस फोर हंड्रेड’च म्हणतात. हा निव्वळ हळवेपणा आहे का? आणि शिक्षण संपवून पुण्याची वाट धरणाऱ्या सोलापूरच्या तरुणाला त्याचे काय?

हे यंत्र नेमके कोणते?

आयबीएमने २१ जून १९८८ रोजी ‘ॲप्लिकेशन सिस्टीम/४००’ जाहीर केली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रोचेस्टर येथे ती तयार झाली. ‘सिस्टीम/३६’ आणि ‘सिस्टीम/३८’ या आधीच्या दोन यंत्रांची ही वारसदार. घरच्या संगणकासारखे हे यंत्र दुकानात दिसत नाही. बँका, विमा कंपन्या, कारखाने, वितरक यांच्याकडे ते पडद्याआड राहून बिले, साठा, पगार आणि खतावण्या सांभाळते. डेटाबेस, सुरक्षा आणि कामांचे नियोजन हे सारे त्याच्या कार्यप्रणालीतच असते; वेगवेगळ्या कंपन्यांकडून विकत घेऊन जोडावे लागत नाही. त्यामुळे मध्यम आकाराच्या कंपनीला मोजक्या माणसांवर ते चालवता येते.

नाव कधी आणि कसे बदलले?

२००० मध्ये ‘ई-सर्व्हर आय-सीरिज’, २००४ मध्ये ‘ई-सर्व्हर आय-५’, २००६ मध्ये ‘सिस्टीम आय’. एप्रिल २००८ मध्ये आयबीएमने आपल्या दोन वेगळ्या संगणक-मालिका एकत्र करून ‘पॉवर सिस्टीम्स’ केल्या आणि कार्यप्रणालीला ‘आयबीएम आय’ हे नाव दिले. म्हणजे आठ वर्षांत चार नावे. एक नाव जिभेवर बसते न बसते, तोच दुसरे हजर.

यातील शेवटचा बदल केवळ पाटीचा नव्हता. एएस/४०० म्हणजे यंत्र आणि कार्यप्रणाली दोन्ही मिळून एक वस्तू होती. आज ‘आयबीएम आय’ ही फक्त कार्यप्रणाली आहे. ती ज्या पॉवर सर्व्हरवर चालते, त्यावर लिनक्स आणि एआयएक्सही चालतात. त्यामुळे ‘एएस/४०० म्हणू नका, ते यंत्र आता बनत नाही’ असा आग्रह धरणारे तांत्रिकदृष्ट्या बरोबरच असतात.

मग लोक जुन्या नावालाच का धरून आहेत?

पहिले कारण, नाव बदलले तरी काम बदलले नाही. १९९५ मध्ये या यंत्राचा प्रोसेसरच बदलला. ४८ बिटांवरून ते ६४ बिटांवर गेले. एरवी अशा बदलात वर्षानुवर्षे लिहिलेले प्रोग्राम मोडीत निघतात. इथे प्रोग्राम आणि प्रोसेसर यांच्यामध्ये एक स्वतंत्र थर आधीपासून ठेवलेला होता. त्यामुळे जुने प्रोग्राम बहुतांशी पुन्हा न लिहिता नव्या प्रोसेसरसाठी रूपांतरित करता आले. ज्याने आपली इतकी वर्षांची मेहनत वाया जाऊ दिली नाही, त्याच्याविषयी विश्वास बसतो आणि तो विश्वास नावाला चिकटतो.

दुसरे कारण पिढीचे. आयबीएम १९७८ मध्ये भारतातून बाहेर पडली आणि १९९२ मध्ये टाटांबरोबर भागीदारी करून परतली. नव्वदच्या दशकात, पुढे वाय-टू-केच्या धामधुमीत अनेक भारतीय प्रोग्रामरांनी आरपीजी आणि कोबोल या भाषा याच यंत्रावर हाताळल्या. त्यांच्या बायोडेटावर, अनुभवपत्रावर ‘एएस/४००’ लिहिलेले आहे. कंपनीने नाव बदलले, म्हणून माणसाचा अनुभव नव्याने छापून मिळत नाही.

तिसरे कारण अगदी व्यवहाराचे. नवे नाव आहे एका अक्षराचे. इंटरनेटवर ‘आय’ शोधून काय सापडणार? ‘एएस/४००’ टाकले की नेमके तेच मिळते. म्हणून नोकरीच्या जाहिरातींत ‘एएस/४००, आय-सीरिज, आयबीएम आय’ अशी तिन्ही नावे एकाच ओळीत दिसतात.

खुद्द कंपनीला जुने नाव पुसता आले का?

नाही. जावा भाषेतले प्रोग्राम या यंत्राला जोडण्यासाठी आयबीएमने जे टूलबॉक्स दिले, त्यातल्या मुख्य क्लासचे नावच ‘एएस४००’ आहे. त्यामार्फत डेटाबेसशी जोडणी करायची तर पत्त्यातही ‘एएस४००’ हीच अक्षरे लिहावी लागतात. ती बदलली, तर ग्राहकांचे चालते प्रोग्राम बंद पडतील. माहितीपत्रकातले नाव एका रात्रीत बदलता येते. लोकांच्या कामात रुजलेले नाव बदलायला त्या कामालाच हात घालावा लागतो.

मग जुने नाव घेण्यात तोटा काय?

तोटा आहे आणि तो वापरणाऱ्यांनाच सोसावा लागतो. सोलापुरातच याचे दुसरे उदाहरण आहे, ‘जुनी मिल’. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग ही १८७७ मधली गिरणी. ती बंद पडून दशके लोटली, पण तो परिसर अजून त्याच नावाने ओळखला जातो. ‘पार्क’ हे चालत्या जागेचे जुने नाव. ‘जुनी मिल’ हे संपलेल्या गोष्टीचे उरलेले नाव. एएस/४०० खरे तर ‘पार्क’ आहे, पण बाहेरच्या माणसाला ते ‘जुनी मिल’ वाटते.

हा गैरसमज महाग पडतो. ‘आपण अजून १९८८च्या यंत्रावर आहोत’ असे संचालकांच्या कानावर गेले, की ते बदलण्याचा विषय निघतो. मग प्रश्न यंत्र काम करते का, हा राहत नाही. नाव किती जुने, हा होतो. प्रत्यक्षात याच परंपरेतली ‘आयबीएम आय’ची ७.६ ही आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये आली आहे. दुसरा फटका मनुष्यबळाला. सोलापूरच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन ‘हुतात्मा’ने पुण्याला मुलाखतीला निघालेला तरुण जाहिरातीत ‘एएस/४००’ वाचतो आणि हे काम म्हणजे संग्रहालयातली नोकरी, असे समजून पुढच्या जाहिरातीकडे वळतो. जाणकार निवृत्त होत आहेत आणि त्यांची जागा घ्यायला नवे कोणी यायला हवे, अशा वेळी नावामुळेच दार बंद होते.

मग म्हणावे काय?

दोष वापरणाऱ्यांचा नाही. आठ वर्षांत चार नावे देणाऱ्या कंपनीने लोकांकडून पाचव्यांदा पाठांतराची अपेक्षा धरू नये. नाव कोण ठेवते यापेक्षा ते रोज कोण घेते, यावर ते टिकते. रात्री उशिरा हिशेब जुळवत बसलेल्या दोघांनी आपसात ‘एएस/४००’ म्हणावे, त्यात काहीही चूक नाही.

पण आपसातले बोलणे वेगळे आणि बाहेरचा कागद वेगळा. अंदाजपत्रक मागताना, जाहिरात देताना, नव्या माणसाला शिकवताना आजचे नाव आधी लिहावे आणि जुने त्याच्या मागे. ‘पार्क’ म्हणणारा सोलापूरकरही परगावच्या पाहुण्याला पत्ता कळवताना ‘इंदिरा गांधी स्टेडियम’ असेच लिहितो. त्याने ‘पार्क’वरचा हक्क सोडलेला नसतो, पाहुणा वाट चुकू नये, एवढेच त्याला हवे असते. एएस/४००वर प्रेम असलेल्यांनी तेवढी काळजी घेतली, तर हे यंत्र चालवायला पुढची पिढीही मिळेल.