राखणीचा कुत्रा व त्याच्या पोटातील जंत

मेहकरकडील आमच्या एका वर्गणीदार गृहस्थांचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्यांच्या मळ्यावरील कुत्री व्याली, पाच पिले झाली, आणि पंचवीस दिवसांच्या आत त्यांपैकी तीन पोटे फुगून विव्हळत मेली. चौथ्याने शेवयांसारख्या पांढऱ्या जंतांचा गोळा ओकला, तेव्हा कोठे घरच्या मंडळींस कारण कळले. पत्राच्या शेवटी ते विचारतात की, गुरांस पाजावयाचे जंताचे औषध घरात शिल्लक आहे, ते कुत्रीस किती द्यावे? त्यांस उत्तर आम्ही टपालाने पाठविले आहे. परंतु हा प्रश्न एका मळ्यापुरता नाही, आणि तो केवळ कुत्र्याचाही नाही, म्हणून येथे सविस्तर लिहिणे आम्हांस भाग पडत आहे.

आपल्या जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली पूर्णेच्या काठी काय, शेतकऱ्याच्या घरी बैलाची निगा आहे. पावसाळ्याच्या तोंडावर वासरांस जंताचे औषध पाजण्याची चालही आता बरीच रुळली आहे. कुत्र्याच्या वाट्यास मात्र उरलेली भाकरी आणि शिवी यांखेरीज काही येत नाही. रानडुकरांपासून तूर-हरभरा राखावयाचा तो कुत्र्याने, बिबट्याची चाहूल द्यावयाची ती कुत्र्याने, आणि औषधाचा प्रश्न निघाला की "कुत्र्याला कसले औषध?" असा प्रश्न आपणच करावयाचा! ही कृतघ्नता आहे, असे आम्ही म्हटले तर पुष्कळांस ते भावनेचे बोलणे वाटेल. म्हणून भावना बाजूस ठेवून हिशेबाचेच बोलू.

प्रथम त्या पिलांविषयी. पिले जन्मास आली तीच जंत घेऊन आली. कुत्रीच्या अंगात गोलकृमींच्या अळ्या निपचित पडून असतात. ती गाभण राहिली आणि शेवटचे काही आठवडे आले की त्या जाग्या होऊन वारेतून पिलांत उतरतात, व पुढे दुधावाटेही जातात. म्हणजे आई धडधाकट दिसत असता पिले मरतात, यात नवल नाही. उपाय सोपा आहे. पिलू दोन आठवड्यांचे झाले की पहिला डोस, नंतर आठ आठवड्यांचे होईपर्यंत दर पंधरवड्यास एक, पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्यास एक, आणि पिलांबरोबर आईसही औषध. पायरँटेल नावाचे औषध याकरिता लहान पिलांस चालते. ते पातळ रूपात मिळते व महागही नाही. या गोलकृमींची अंडी पडल्या पडल्या बाधत नाहीत, मातीत दोन-तीन आठवडे मुरल्यावर बाधतात. पण मग ती वर्षानुवर्षे टिकतात. अंगणात मातीत खेळणारे मूल तो हात तोंडात घालते, आणि अळी त्याच्या यकृतात, क्वचित डोळ्यात जाऊन बसते. डोळ्यात गेली तर त्या डोळ्याची दृष्टी जाऊ शकते.

दुसरा जंत अंकुशकृमी. हा आतड्यास चिकटून रक्त पितो. कुत्र्याच्या हिरड्या पांढऱ्या फटक पडल्या, विष्ठा डांबरासारखी काळी झाली, की याचाच संशय घ्यावा. तिसरा, काकडीच्या बियांएवढे तुकडे शेपटीखाली चिकटून राहतात तो चपटा कृमी. याचे बीज पिसवांतून जाते, म्हणून पिसवा न मारता नुसते औषध दिले तर दोन महिन्यांनी पहिले पाढे पंचावन्न. हे दोन्ही त्रासदायक खरे, परंतु डोळ्यांस दिसतात, म्हणून त्यांवर फार लिहीत नाही.

आमचे खरे म्हणणे आहे ते न दिसणाऱ्या जंताविषयी. हायडॅटिड रोगाचा चपटा कृमी पुरता वाढला तरी गव्हाच्या दाण्यापेक्षा मोठा होत नाही. एका कुत्र्याच्या आतड्यात असे हजारो असले तरी कुत्रा खातो, धावतो, भुंकतो; त्याला काहीच होत नाही. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, पाण्यात, भाजीच्या वाफ्यात पडतात, आणि ही अंडी पडताक्षणीच बाधक असतात. ती मेंढी, बकरी, म्हैस, गाय यांच्या पोटात गेली की यकृतात व फुप्फुसात पाण्याने भरलेले फोड होतात. बकरा कापताना काळजावर पांढरट, टणक, आत पाणी असलेले फोड ज्यांनी पाहिले नाहीत असे खाटीक किंवा शेतकरी थोडेच असतील. ते फोड आले की आपण काय करतो? तेवढे काळीज किंवा फोपसे बाजूस काढून कुत्र्यापुढे फेकतो. येथेच सारे चक्र पुरे होते. फोडातील बीज कुत्र्याच्या आतड्यात सहा-सात आठवड्यांत पुन्हा अंडी टाकू लागते. जर्मन शास्त्रज्ञ सीबोल्ड याने १८५२-५३ च्या सुमारास असले फोड कुत्र्याच्या पिलांस मुद्दाम खाऊ घालून त्यांच्या आतड्यात कृमी तयार झालेले दाखविले. या गोष्टीस पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी आपल्या कंदुरीच्या जेवणात तोच प्रयोग आपण फुकट करून दाखवीत असतो.

मनुष्यासही हेच फोड होतात. बहुतेकांच्या यकृतात, काहींच्या फुप्फुसात. लागण बहुधा बाळपणी होते आणि फोड इतका सावकाश वाढतो की त्रास सुरू होण्यास दहा-वीस वर्षेही लोटतात. तोवर ज्या कुत्र्याने तो दिला तो केव्हाच मेलेला असतो व कोणी त्याची आठवणही काढीत नाही. फोड अंगातल्या अंगात फुटला तर प्राणावर बेतते. शस्त्रक्रिया करावी लागते, महिनोन्‌महिने औषध घ्यावे लागते. एका शस्त्रक्रियेच्या खर्चात सबंध गावच्या कुत्र्यांस किती वर्षे गोळ्या देता येतील, याचा हिशेब वाचकांनी स्वतः करून पाहावा.

याच जातीचा आणखी एक चपटा कृमी आहे. त्याचा फोड मेंढीच्या मेंदूत होतो, मग ती मेंढी एकाच बाजूस गरगर फिरू लागते, कळपापासून तुटते व अखेर मरते. तिचे डोके कुत्र्यांनी फोडून खाल्ले की पुन्हा तेच चक्र. आता हे धनगरांचे दुखणे आहे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. परंतु दिवाळीनंतर रान मोकळे झाले म्हणजे आपणच धनगरांस बोलावून शेतात मेंढ्या बसवितो, रात्रीच्या हिशेबाने धान्य वा रोकड देतो, कारण त्या लेंडीखताची बरोबरी पिशवीतले खत करीत नाही. मेंढ्यांबरोबर कुत्री येतात. वाटेत मेलेली मेंढी त्यांच्याच वाट्यास येते, धनगराजवळ दुसरा उपाय नसतो. तेव्हा खत आपण विकत घेतो आणि त्याबरोबर कुत्र्यांच्या विष्ठेतील अंडी फुकट घेतो. त्या शेतात पुढे आपली गाय चरते, आपली मुले हरभऱ्याची भाजी खुडतात. आमची सूचना अशी की, मेंढ्या बसविण्याचा ठराव करताना धनगराच्या चार कुत्र्यांच्या गोळ्यांचा खर्च शेतमालकाने आपल्या अंगावर घ्यावा. धनगरावर तो लादू नये. तो बिचारा आज या गावी तर उद्या त्या गावी, दवाखान्याची वेळ त्याने कोठून साधावी?

औषधाविषयी आता स्पष्ट लिहितो. चपट्या कृमींवर प्राझिक्वांटेल हेच खात्रीचे औषध आहे. प्रमाण कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम. आपल्याकडील गावठी कुत्रा १५ ते २० किलो भरतो, म्हणजे ७५ ते १०० मिलिग्रॅम झाले. गोल व चपट्या अशा दोन्ही जंतांवर चालणाऱ्या जोड गोळ्या मिळतात, त्या बहुधा १० किलोस एक या मापाच्या असतात. वजन अंदाजाने न धरता कुत्रा उचलून धान्याच्या काट्यावर उभे राहावे व आपले वजन वजा करावे. गोळी गुळात किंवा भाकरीच्या तुकड्यात घालून द्यावी. आता वर्गणीदारांच्या प्रश्नाविषयी. गुरांच्या औषधांपैकी फेनबेंडाझोल कुत्र्यास चालते, पण गुरास ते किलोमागे ५ ते ७.५ मिलिग्रॅम एकदाच, आणि कुत्र्यास किलोमागे ५० मिलिग्रॅम, तेही लागोपाठ तीन दिवस. शिवाय हायडॅटिडच्या कृमीवर त्याचा भरवसा धरता येत नाही. गुरांचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन मात्र कुत्र्यास परस्पर टोचू नये. चपट्या कृमीवर ते लागू नाही, आणि कोली वगैरे परदेशी मेंढराखी जातींच्या कुत्र्यांस ते जीवघेणे ठरते. हल्ली हौसेने आणलेल्या कुत्र्यांत कोणाचे रक्त किती, हे कोण सांगणार?

जुन्या औषधांची आम्ही टिंगल करीत नाही. कपिला, पळसाचे बी, वावडिंग ही आपल्या वैद्यांची जंतावरील औषधे आहेत, आणि सुपारीतील अर्काने तर एके काळी परदेशांतही कुत्र्यांचे जंत पाडीत असत. पण सुपारीचे माप थोडे चुकले की कुत्रा मरतो, थोडे कमी पडले की जंत राहतो. आज निर्धोक गोळी मिळत असता तो जुगार कशास? तंबाखूचे पाणी व लसूण पाजण्याची चाल तर अगदीच टाकून द्यावी. पहिले विष आहे व दुसऱ्याने कुत्र्याचे रक्त बिघडते. गोड खाल्ल्याने जंत होतात हा समज घरोघरी आहे, त्यातही तथ्य नाही.

एक गोष्ट औषधविक्रेता सांगत नाही. गोळीने कृमी मरतो, पण त्याची अंडी मरत नाहीत, ती विष्ठेतून बाहेर येतात. म्हणून गोळी दिल्यावर कुत्रा दोन दिवस बांधून ठेवावा व त्याची विष्ठा खोल पुरावी किंवा जाळावी. उकिरड्यावर टाकू नये, कारण तो उकिरडा शेवटी शेतातच जावयाचा. साधारण कुत्र्यास तीन महिन्यांनी एकदा गोळी पुरे. कच्चे काळीज-फोपसे खाणाऱ्या कुत्र्यास दर सहा आठवड्यांनी दिली पाहिजे. परंतु ते कच्चे मांस बंद करणे हेच अधिक शहाणपणाचे व स्वस्त. आखाडी असो, पोळ्याची कर असो, बकऱ्याचे टाकाऊ अवयव कुत्र्यास द्यावयाचेच असतील तर निदान अर्धा तास उकळून द्यावे.

मेलेल्या जनावराविषयी थोडे कठोर लिहावे लागत आहे. मेलेले ढोर ओढून नेण्याचे काम पूर्वी गावाने ज्यांच्यावर लादले होते, त्यांनी ते टाकून दिले, आणि ते योग्यच झाले. परंतु त्यानंतर ते काम आपले झाले, हे पुष्कळ जमीनदार शेतकऱ्यांच्या अजून ध्यानात आलेले नाही. नाल्याच्या काठी ढोर फेकून देऊन घरी येऊन आंघोळ केली म्हणजे सारे संपले असे ते समजतात. ज्याचे जनावर त्याने खड्डा खणावा, कुत्र्यास उकरता येणार नाही इतका खोल, आणि वर दगड व बाभळीचे काटे टाकावे. यात कमीपणा काय आहे तो आम्हांस समजत नाही.

आता एक आक्षेप. मालकाच्या कुत्र्यास गोळ्या दिल्या, पण गावात बेवारशी कुत्री पंचवीस, त्यांचे काय? काही मंडळी यावर विषाच्या पुडीचा उपाय सुचवितात. तो १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याविरुद्ध तर आहेच, पण व्यर्थही आहे. उकिरडा व फेकलेले मांस कायम असेल तोवर मेलेल्यांच्या जागी शेजारच्या गावची येतात. २०२३ च्या श्वान जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे कुत्री पकडून नसबंदी व रेबीजची लस टोचावयाची असते. त्याच वेळी प्रत्येकाच्या घशात एक गोळी घालण्यास कितीसा वेळ लागतो? ग्रामसभेत हा प्रश्न आमच्या वाचकांनी उभा करावा.

हे सर्व होण्यासारखे आहे का, अशी शंका घेणाऱ्यांकरिता दोन देशांची हकीकत देतो. आइसलँड हे मेंढ्यांवर जगणारे गरीब बेट. तेथे हायडॅटिडने लोक इतके मरत की डेन्मार्कहून हाराल्ड क्राब्बे हा विद्वान १८६३ मध्ये चौकशीस गेला. त्याने लिहिलेली छोटी पुस्तिका घरोघरी वाटली. लोक वाचणारे होते, त्यांनी ती वाचली, कुत्र्यांस कच्चे अवयव देणे टाकले, मागाहून कायदेही झाले. आणि पुढील पिढ्यांत रोग नाहीसा होत गेला. त्या वेळी प्राझिक्वांटेल नव्हते. न्यूझीलंडने १९५९ मध्ये स्वतंत्र कायदा करून कुत्र्यांस औषध देण्याची सक्ती केली आणि २००२ मध्ये देश या रोगापासून तूर्त मुक्त झाल्याचे जाहीर केले. त्यांस चाळीसांवर वर्षे लागली, हेही लक्षात ठेवावे. आपल्याकडे गाव लहान, कुत्री मोजकी, औषध हाताशी, आणि अकोल्यास स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे. वाण आहे ती मनावर घेण्याची.

मेहकरच्या गृहस्थांची दोन पिले वाचली आहेत, असे त्यांनी मागाहून कळविले. यंदा दिवाळीनंतर ज्यांच्या शेतात मेंढ्या बसतील त्या वाचकांनी धनगरांच्या कुत्र्यांस गोळ्या देऊन पाहाव्या, व किती कुत्री होती, किती खर्च आला, धनगरांनी काय म्हटले, ते आम्हांस एका कार्डावर लिहून पाठवावे. पुढील अंकांत ते आम्ही छापू.