पाच लाखांचा कॅमेरा कशासाठी?

दिवाळी आटोपल्यापासून आमच्या घरी एकच वाद चालू आहे. माझा मावसभाऊ नांदगाव खंडेश्वर तालुक्यात लग्नाच्या शूटिंगची कामे घेतो. त्याला आता सर्वांत वरच्या श्रेणीचा 'हायब्रिड मिररलेस' कॅमेरा हवा आहे. फोटोही तोच काढणार आणि व्हिडिओही तोच घेणार. लेन्स सोडून नुसत्या बॉडीची किंमत पाच लाखांच्या घरात! पैसे कोठून आणावयाचे? तर सोयाबीन-कपाशीचे जे काही हाती आले ते, आणि उरलेले कर्ज. मावसाजींनी सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "पाच लाखाचा कॅमेरा लावला त लग्न दोनदा लागते काय रे बाप्पा?"

सगळे हसले. मीही हसलो. परंतु दोन हंगाम मी या भावासोबत दिवे धरीत आणि केबल गुंडाळीत हिंडलो आहे. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिण्याचा थोडा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

मिररलेस म्हणजे आरसा नसलेला. जुन्या एस. एल. आर. कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे आरसा असे व त्यातून छायाचित्रकाराला समोरचे दृश्य दिसे. २००८ साली निकॉनचा डी-९० आणि कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू असे दोन कॅमेरे आले आणि फोटोच्या कॅमेऱ्यातून व्हिडिओ घेता येऊ लागला. गंमत अशी की व्हिडिओ घेताना तो आरसा वर उचलून ठेवावाच लागे; म्हणजे व्हिडिओवाल्याला त्याचा उपयोग मुळातच नव्हता. त्यामुळे आरसा गेला याचे दुःख आम्हा मंडळींना नाही. प्रश्न आहे तो पुढचा. हे पाच लाख नेमके कशाचे?

बरेचसे पैसे फोटोचे आहेत. पंचेचाळीस-पन्नास मेगापिक्सेल, आणि एका सेकंदात वीस-तीस फोटो! मेळघाटात वाघाची वाट पाहणाऱ्याला किंवा क्रिकेटच्या मैदानावरील बातमीदाराला हे हवेच. पण फोर-के व्हिडिओच्या एका चौकटीत जेमतेम ८३ लाख बिंदू असतात. एट-के घेतला तरी ३ कोटी ३२ लाख. २०२० साली सोनीने ए-सेव्हन-एस थ्री हा कॅमेरा मुख्यतः व्हिडिओवाल्यांसाठी काढला, तो अवघ्या बारा मेगापिक्सेलचा. त्याच जातीचा एफ-एक्स थ्री हा कॅमेरा घेऊन 'द क्रिएटर' हा आठ कोटी डॉलर खर्चाचा इंग्रजी चित्रपट २०२३ साली निघाला. हॉलिवुडला जे पुरले ते आमच्या वरातीला पुरू नये काय?

शिवाय एट-के पाहणार कोण? नवरीची आत्या तो व्हिडिओ मोबाईलवर पाहते. साध्या फोर-केलाच सेकंदाला शंभर मेगाबिट धरले, तर तासाला पंचेचाळीस जीबी जागा लागते. एट-केचा आकडा याच्या कितीतरी पट जातो. मग हार्ड डिस्क आल्या आणि मिक्सिंगसाठी नवा संगणकही आला. पाच लाखांचे सात लाख केव्हा होतात हे कळतही नाही. हिशेब सरळ आहे. एका लग्नामागे भावाच्या हातात खर्च वजा जाता आठ-दहा हजार उरतात आणि वर्षाला त्याची वीस-बावीस लग्ने होतात. नुसती बॉडी फिटायलाच अडीच वर्षे. तोवर कंपनीचे नवे मॉडेल बाजारात!

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराचे तापमान ० ते ४० अंश असे छापलेले असते. वैशाखात आमच्याकडे पारा चव्वेचाळीसवर जातो, आणि लग्नेही नेमकी तेव्हाच! मागे एकदा भाड्याने आणलेला एक महागडा कॅमेरा ऐन मंगलाष्टकांच्या वेळी तापून बंद पडला. शेवटचे 'सावधान' माझ्या मोबाईलवर घ्यावे लागले. नवरदेवाला हे अजून ठाऊक नाही. असो.

महाग ते सारे वाईट, असे माझे म्हणणे नाही. खंडेश्वराच्या हेमाडपंती देवळाच्या गाभाऱ्यात आमच्या जुन्या कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रात नुसती रेती उडत होती. मधल्या श्रेणीच्या, दीड लाखाच्या नव्या कॅमेऱ्याने समईच्या उजेडात पिंडही स्वच्छ दिसली. तेवढा खर्च सार्थकी लागतो. त्यापुढचा लागत नाही.

खरी खंत वेगळीच आहे. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावी आम्ही दंडार टिपली. एक म्हातारे गायक होते. त्यांना येत असलेली पदे गावात दुसऱ्या कोणालाच येत नव्हती. चित्र असे सुरेख आले की कपाळावरची एकेक आठी मोजावी. पण आवाज? कॅमेऱ्याच्या माइकमध्ये आला तो फक्त जनरेटरचा. दहा-बारा हजारांचा माइक तेव्हा आमच्याजवळ नव्हता. गेल्या पावसाळ्यात ते म्हातारबा वारले. ते चित्रीकरण त्यांच्या मुलाला दाखवण्याचे धाडस मला अद्याप झालेले नाही.

आमचे एक सर म्हणाले, "अरे, दादासाहेब फाळक्यांनी विमा पॉलिसी गहाण टाकलीच की!" खरे आहे. १९१२ साली ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. परंतु त्यांना हव्या त्या कॅमेऱ्यासाठी लंडन गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि परत आल्यावर त्यांनी आधी उगवत्या रोपट्याचे चित्रण करून लोकांची खात्री पटवली. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर कॅमेरा घरीच बनवला. मालेगावच्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला तो साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर; ट्रॉलीचे काम सायकलने केले. भावाला हे सारे सांगितले, तर तो म्हणतो, "गिऱ्हाईक पहिले कॅमेरा पाह्यते, मंग काम." यात तथ्य आहे, हे मला कबूल करावे लागते. मोठा कॅमेरा दिसला की पाहुणेसुद्धा जरा ताठ बसतात. पण त्या ताठ बसण्याचे व्याज मावसाजींनी का भरावे?

माझे म्हणणे मी त्याच्यापुढे मांडले आहे: दीड लाखाची बॉडी, एक चांगली लेन्स, दोन माइक, जास्तीच्या बॅटऱ्या आणि वैशाखासाठी एक मोठी छत्री. छत्रीचे नाव काढताच तो उठून गेला. येत्या हंगामातील चार तारखा त्याने घेऊन ठेवल्या आहेत. कॅमेऱ्याचे अजून ठरलेले नाही. मी तूर्त अमरावतीला जाऊन माइकचे भाव विचारून आलो आहे.