निकालपत्रक एक, भरणारे सात : डेटाबेस कोणता घ्यायचा?



सत्र संपलं की निकालाची घाई तुम्हाला ठाऊकच आहे. गेल्या वर्षी मी शाळेसाठी गुण भरायचं एक छोटं ॲप बनवलं. (मी इंजिनिअर नाही, डीएड झालेली प्राथमिक शिक्षिका.) माहिती साठवायला एसक्यूलाइट घेतलं. घरी एकटीने तपासलं तेव्हा झकास चाललं. शाळेत मात्र ती फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेवली, सातजण एकाच दुपारी भरायला बसले आणि स्क्रीनवर 'डेटाबेस इज लॉक्ड'! दोन तुकड्यांचे गुण पुन्हा भरावे लागले. पालकहो, ते गुण तुमच्याच लेकरांचे होते.

चूक एसक्यूलाइटची नव्हे, माझी. ते म्हणजे एक फाइल. एका वेळी एकानेच लिहायचं, बाकीच्यांनी थांबायचं. एकच खडू असलेला फळा म्हणा ना. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये अशी फाइल ठेवू नका, असं ते बनवणारेच सांगतात. मोबाइलमधल्या एकट्याच्या ॲपला ते उत्तमच.

अनेकजण लिहिणार असतील तर सर्व्हरवर चालणारा डेटाबेस हवा : मायएसक्यूएल, मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस. तिन्ही मोफत मिळतात. एकीने पाचवीतल्या एका मुलाची ओळ धरली, तरी दुसरीला शेजारच्या ओळीत लिहिता येतं. मारियाडीबी ही २००९ साली मायएसक्यूएलच्याच संस्थापकाने काढलेली वेगळी शाखा. स्वस्त होस्टिंगवर बहुधा या दोघांपैकीच एक मिळतं, आणि तेवढंच परवडत असेल तर खुशाल घ्या.

मी मात्र पोस्टग्रेस घेतलं, कारण ते नियमाला पक्कं आहे. 'गुण ० ते ५० मध्येच हवेत' असा नियम टेबलातच लिहिता येतो. मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधी असा नियम निमूट लिहून घ्यायचं आणि पाळायचंच नाही! ४५ चे ४५० झाले तरी चालायचं. आता सुधारलंय, पण होस्टिंगवर जुनी आवृत्ती असू शकते. आधी विचारून घ्या.

एक गोष्ट मात्र यातला कोणताच डेटाबेस आपण होऊन करत नाही. दोघींनी एकाच मुलाचं पान उघडलं, तर नंतर सेव्ह करणारी पहिलीचे बदल पुसून टाकू शकते. म्हणून मी प्रत्येक ओळीत आवृत्ती क्रमांकाचा रकाना ठेवलाय. क्रमांक मधेच बदलला असेल तर ॲप सांगतं, 'पान पुन्हा उघडा.' यंदा ॲप देण्याआधी दोन मैत्रिणींना बसवलं, एकाच मुलाचं पान उघडायला लावलं आणि म्हटलं, एक, दोन, तीन, दाबा सेव्ह.