नांदूर मध्यमेश्वरला मुक्कामाला जा

निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य 2020 साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, आणि गर्दी वाढली. गर्दीला माझी हरकत नाही. हरकत आहे ती घाईला. मंडळी दुपारी उन्हात येतात, मनोऱ्यावर मोठ्यानं बोलतात, फ्लेमिंगो दिसला नाही की नाराज होऊन शिर्डीची वाट धरतात.

अहो, चापडगावच्या मनोऱ्यावर पहाटे नुसतं गप्प बसून बघा. जांभळी पाणकोंबडी लांब बोटांच्या पायात पाणवनस्पतीचा दांडा धरून एखाद्या लहान मुलानं ऊस सोलावा तशी खात असते. हळदीकुंकू बदकाच्या काळ्या चोचीचं पिवळं टोक दुर्बिणीतून लख्ख दिसतं. मग दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यालगत घिरटी घालतो आणि शेकडो बदकं एकदम उठतात! ते पाहून माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

हे सगळं गोदावरी आणि कादवेच्या गाळावर उभं आहे. इंग्रजांच्या काळातल्या बंधाऱ्यामागे गाळ साचला, उथळ पाणी झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले. पाणी मात्र सिंचनाचं आहे. त्याची पातळी ठरवताना शेतीबरोबर पक्ष्यांचाही विचार व्हायलाच हवा, कारण पाणी फार चढलं तर चिखलात चरणाऱ्यांना जागा उरत नाही.

तुम्ही जाल तेव्हा आदल्या रात्रीच पोहोचा, गावातला गाइड घ्या, आणि स्पीकर घरीच ठेवा.