तिची सही कुठेय?

जालन्यात कादराबादेतला एक पडका वाडा घ्यायचं आमचं चाललंय. माळवदावर गवत, बळदात उंदीर. पण ढाळजेचे सागवानी खांब अजून टणक. ‘पाडलात तर मस्त तीन मजले उठतील,’ दलाल दहादा म्हणाला. शेजारचे दोन वाडे तसेच गेले. २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाला, २०२३ मध्ये नगरपरिषदेची महापालिका झाली. आता भाव काय विचारता!

आम्हाला पाडायचा नाहीये. ह्यांना काळजी माळवदाची. पांढऱ्या मातीवर सिमेंट ओतलं की ओल आत कोंडते अन् लाकूड सडतं, हे मला तीनदा ऐकवून झालंय. माझं लक्ष मात्र कागदांकडे. मालमत्ता पत्रकावर तीन भावांची नावं.

‘बहीण नाही का?’

‘आहे की एक, परभणीला दिलीय. तिचं लग्नातच झालं सगळं.’

मैत्रिणींनो, हिंदू वारसा कायद्यात २००५ ला दुरुस्ती झाली. वाटणी आधीच झालेली नसेल तर वडिलोपार्जित घरात मुलीचा वाटा मुलाइतकाच. तेव्हा वडील हयात नसले तरीही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं.

घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत, म्हणून खरेदीखत माझ्या नावे. बाई म्हणून सवलत मी घ्यायची अन् बाई म्हणून तिला वगळायचं?

विसार थांबवलाय. ‘सही मी आणून देतो,’ म्हणून थोरला भाऊ मागे लागलाय. पण परवा मीच परभणीला निघालेय. तिला वाटा हवाय की सही द्यायचीय, ते तिच्याच तोंडून ऐकायचंय.